तपासणी मोहल्ल्यात आली तर रोजी बुडणार नाही

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला एक हिशोब समजावून सांगावा लागत नाही. मागावर धागा तुटला की कामगार तिथल्या तिथे गाठ मारतो. फोल्डिंगला दोष दिसला तर थोडी कटौती होते. रंगाई होऊन माल पार्टीकडे गेल्यावर दोष निघाला, तर अख्खा तागा परत येतो आणि गाडीभाडेही आपल्याच माथी बसते. कॅन्सरचेही असेच आहे.

आमच्या पेढीवर एक जुना फोल्डिंगवाला होता. ताग्यातला एक तुटका धागा त्याच्या नजरेतून सुटत नसे. गुटख्याची सवय होती. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तिखट लागले की जळजळ होई. औषधाच्या दुकानातून मलम आणून त्याने आठ महिने काढले. तुकडा काढून तपासायला मालेगावहून नाशिकला जावे लागले. एक खेप तपासणीची, दुसरी रिपोर्टची. दोन्ही दिवसांची मजुरी मी कापली, हेही कबूल केले पाहिजे. रिपोर्ट हाती आला तेव्हा मानेत गाठ आली होती. आज तो हयात नाही.

खरे तर असा चट्टा पाहायला मोठे यंत्र लागत नाही. केरळमध्ये त्रिवेंद्रम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन उजेडात लोकांची तोंडे तपासली. २००५ साली निष्कर्ष छापून आले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी दर दोन वर्षांनी सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातले आम्ल, लावून होत असे. लावल्यावर मिनिटभरात बिघडलेली जागा पांढरी दिसते. हे काम डॉक्टरांनी नव्हे, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केले. त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आता तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याची योजना आहे. पण केंद्र उघडे असते त्याच वेळेला माग चालू असतो. कांडी भरणाऱ्या बाईला अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून रांगेत उभे राहणे परवडत नाही. आणि नुसते पाहून भागत नाही. चट्टा दिसला तर तुकडा तपासायला पाठवणे, रिपोर्ट आणणे, पुढच्या दवाखान्यात पोचवणे, इथेच गरीब माणूस मागे राहतो.

व्यापारी बांधवांना माझे सांगणे एवढेच. माग शुक्रवारी बंद असतात. त्या सकाळी गोडाऊनची एक खोली रिकामी करून द्यावी. खाट, पडदा, पाणी आणि चांगला दिवा पुरे. बायकांसाठी तपासणारी बाईच हवी, नाहीतर कोणी येणार नाही. आरोग्य केंद्राला लेखी विनंती करावी. ज्याला पुढे पाठवले जाईल त्याचे गाडीभाडे आणि त्या दिवसाची मजुरी पेढीने द्यावी. माझ्या खातेवहीत हा खर्च मी हमालीच्या खाली वेगळा लिहायला घेतला आहे.