एका छत्रीखाली : तोरा-सानची हुकलेली गोष्ट



एकाच नटाने एकाच भूमिकेत २६ वर्षांत ४८ चित्रपट करावेत आणि बहुतेकांचा शेवट प्रेमभंगाने व्हावा, तरीही लोकांनी पुढच्याची वाट पाहावी, असे जपानमध्ये घडले. ही मालिका म्हणजे ‘ओतोको वा त्सुराई यो’. अर्थ साधारण असा : ‘पुरुषाचा जन्म मोठा अवघड बाबा!’ आज तिच्यातल्या एका चित्रपटाविषयी आपल्याशी बोलायचे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. नायक तोराजिरो कुरुमा हा जत्राजत्रांतून माल विकणारा फेरीवाला. चौकडीचा कोट, टोपी, पोटाला लोकरी पट्टा, हातात एक जुनी बॅग. लोक त्याला तोरा-सान म्हणतात. हे ‘सान’ आपल्या ‘राव’सारखे. तरुणपणी वडिलांशी भांडून तो घरातून निघून गेला आणि वीस वर्षांनी परतला. घर म्हणजे टोकियोच्या शिबामाता भागात, देवळाच्या वाटेवर काका-काकूंचे मिठाईचे दुकान. तांदळाच्या पिठाचे गोळे काडीला ओवून करतात त्या ‘दांगो’साठी ते प्रसिद्ध. जवळच सावत्र बहीण साकुरा, तिचा छापखान्यात काम करणारा नवरा आणि मुलगा.

ही कथा प्रथम दूरचित्रवाणीवर आली. तिथे शेवटी तोरा साप चावून मरतो. प्रेक्षक इतके संतापले की दिग्दर्शक योजी यामादा यांनी १९६९ मध्ये त्याला पडद्यावर पुन्हा जिवंत केले. पुढे बरीच वर्षे उन्हाळ्यातल्या पितरांच्या सणाला एक आणि नववर्षाला एक, असे वर्षाला दोन चित्रपट येत राहिले. ठरावीक साचा : तोरा घरी येतो, भांडतो, निघून जातो, कुणा स्त्रीच्या प्रेमात पडतो, आणि ती दुसऱ्याची होते.

१९७५ सालचा पंधरावा चित्रपट मात्र हा साचा मोडतो. लिली ही गावोगावच्या बारमध्ये गाणारी गायिका. भूमिका रुरिको आसाओका यांची. अकराव्या चित्रपटात ती तोराला पहिल्यांदा भेटली होती. आता संसार मोडून ती पुन्हा रस्त्यावर आली आहे. उत्तरेच्या होक्काइदो बेटावर दोघांची गाठ पडते, आणि नंतर ती शिबामाताच्या घरी पाहुणी येते.

इथे खरबुजाचा तो प्रसिद्ध प्रसंग येतो. जपानमध्ये उत्तम खरबूज फार महाग, खास भेट द्यायचे फळ. तोराच्या ओळखीच्या एका गृहस्थाने ते दिलेले असते. घरचे लोक फोडी करतात, वाटून घेतात, आणि नेमका तोरा दारात उभा! त्याची फोड कुणी मोजलेलीच नाही. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रुसतो, घर डोक्यावर घेतो. आपण हसतो, पण हसता हसता कळते, की दुखणे फळाचे नाही. ‘या घरात मला मोजतात का?’ हा त्याचा प्रश्न आहे. त्याला झापते ती लिली, कारण जिची वाट कुठल्याच घरात पाहिली जात नाही तिलाच हे घर काय मोलाचे आहे ते दिसते.

पुढे पाऊस पडतो. रुसून गेलेला तोरा छत्री घेऊन स्टेशनवर उभा राहतो. दोघे एका छत्रीखालून घरी येतात. जपानी शाळकरी मुले प्रेमिकांची नावे छत्रीच्या चित्राखाली लिहितात, म्हणून तिथल्या प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

मग साकुरा लिलीला विचारते : दादाशी लग्न कराल? लिली शांतपणे होकार देते. एवढ्यात तोरा येतो. साकुरा आनंदाने सांगते, आणि तो गोंधळून विचारतो, की ही थट्टाच ना? क्षणभर थांबून लिली म्हणते, हो, थट्टाच. आणि निघून जाते.

वाचकहो, दवाखान्यात चाळीसेक वर्षे बसल्यावर मला हे हसू ओळखता येते. रोगी आधी विनोद करतो, खरी तक्रार दाराशी जाऊन सांगतो. आपण हसून सोडले, तर तीही सांगत नाही. तोराने हेच केले. आपल्यासारख्याकडून ती सुखी होणार नाही, असे तो नंतर साकुराला सांगतो. त्यात नम्रता आहे, आणि भीतीही. पण त्याने लिलीला विचारलेच नाही. तिचा निर्णय परस्पर घेतला. विनोदी चित्रपटात एवढी गंभीर गोष्ट बसवणे हे यामादांचे सामर्थ्य.

१९९५ च्या अठ्ठेचाळिसाव्या चित्रपटात तोरा आमामी बेटांवर लिलीच्याच घरी राहताना दिसतो. नट कियोशी आत्सुमी तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. ४ ऑगस्ट १९९६ रोजी, ६८ व्या वर्षी ते वारले आणि त्या दोघांची गोष्ट तिथेच राहिली.

आपण पाहणार असाल तर आधी १९६९ चा पहिला चित्रपट पाहावा, मग अकरावा, आणि त्यानंतर हा पंधरावा. शक्यतो घरच्या सगळ्यांसोबत. आणि फळ कापलेच, तर बाहेर गेलेल्यांनाही मोजावे.