हिमालयाची वाट (भाग ४) : जाड एक नको, पातळ चार

लेह-लडाखच्या सहलीचे पैसे भरले की घरात पहिली चर्चा होते ती जॅकेटची. मग कुणीतरी कधीकाळी मनालीहून आणलेलं एक अगडबंब जॅकेट माळ्यावरून खाली येतं, झटकून उन्हात टाकलं जातं आणि थंडीचा बंदोबस्त झाला असं सगळे धरून चालतात. पण लडाखात थंडी एकाच तऱ्हेची नसते. गाडी एका दिवसात तीन-चार प्रकारच्या हवेतून जाते, आणि एकच जाड जॅकेट असेल तर ते घालायचं नाहीतर काढायचं, एवढंच हातात उरतं.

जुलै महिना घ्या. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. दुपारी तिथल्या बाजारात पारा २५ अंशांपर्यंत चढतो, पहाटे १०च्या आसपास उतरतो. तिथून खारदुंग ला ही खिंड जेमतेम ४० किलोमीटर, पण उंची ५,३५९ मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे तेवढ्या प्रवासात पारा सुमारे १२ अंशांनी घसरतो, वर खिंडीतला वारा. पलीकडे नुब्रात उतरलात की हुंदरच्या वाळूत पुन्हा ऊन चटके देतं. हवा विरळ आणि कोरडी असल्याने उन्हात अंग भाजतं आणि सूर्य ढगाआड गेला की लगेच हुडहुडी भरते.

यावर उतारा म्हणजे थर. कपडा स्वतः ऊब तयार करत नाही. ऊब आपल्या शरीराची, कपडा फक्त ती धरून ठेवतो, तेही धाग्यांपेक्षा धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. जुन्या लुगड्यांचे पदरावर पदर शिवलेली गोधडी एकाच जाड चादरीपेक्षा उबदार लागते, ती याच कारणाने. आणि अंगावरचे चार थर गोधडीसारखे शिवलेले नसल्याने लागेल तसा एकेक काढता येतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती सगळ्यात आतल्या थरात. वरचं जॅकेट महागडं आणि आत रोजचं सुती बनियन. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. ठिकसेच्या पायऱ्या चढून गोम्पात, म्हणजे मठात, पोचेपर्यंत पाठ ओली होते. वर गच्चीवर वारा लागला की तेच ओलं बनियन बर्फाच्या पट्टीसारखं अंगाला चिकटतं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे वर कितीही चढवलंत तरी काकडायला होतंच. आत पॉलिएस्टरचं किंवा बारीक लोकरीचं अंगाबरोबर बसणारं थर्मल हवं. लोकर थोडी महाग पडते, पण ती बरीच ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही, आणि चार दिवस घातली तरी वास येत नाही. आंघोळीचं पाणी बेताचं असलेल्या प्रदेशात हे लहानसहान सुख नव्हे.

मधल्या थराला फ्लीस किंवा स्वेटर. त्यासाठी वेगळी खरेदी कशाला? थंडीत आपल्या गावोगावी तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेला स्वेटर कपाटात असतोच, तो चालतो. आजीने विणलेला असेल तर उत्तमच, फक्त गळा फार उघडा नको.

त्यावर पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं हलकं जॅकेट. १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच बलूनच्या कापडात पिसं भरून शिवलेला कोट घेऊन गेला, तेव्हा सोबत्यांनी त्याची टर उडवली; वर गेल्यावर मात्र सगळ्यांना त्याचा हेवा वाटू लागला. पिसं भिजली की चेपून निकामी होतात. लेहमध्ये वर्षाला पाऊसच जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणून तिथे पिसांचं जॅकेट बिनधास्त घ्यावं. उत्तर सिक्कीमच्या ओल्या हवेत जायचं असेल तर कृत्रिम भरण बरं. सगळ्यात वर वारा अडवणारं पातळ विंडचीटर. हा थर लोक हमखास विसरतात, आणि पँगाँगच्या काठावर दुपारचा वारा सुटला की स्वेटरच्या विणीतून तो थेट बरगड्यांना भिडतो.

हवा धरायची आणि वारा अडवायचा, हेच लडाखी लोकांच्या पारंपरिक गोंचात पाहा. लोकरीच्या कापडाचा घोळदार अंगरखा, कमरेला घट्ट पट्टा. घोळात हवा साठते आणि पट्ट्यामुळे वारा खालून आत शिरत नाही.

कमरेखाली जीन्स नको. सुती, घट्ट आणि भिजली तर दिवसभर न वाळणारी. ढगळ ट्रॅक पँट आणि आत थर्मल पुरे. साडीतच फिरणाऱ्या मावश्या-काकूंनी परकराच्या आत थर्मलची विजार घालावी. फोटोत दिसत नाही आणि पिंडऱ्या गारठत नाहीत.

कानटोपी, हातमोजे हवेतच. गॉगलची मात्र हयगय नको. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि बर्फावरून परावर्तित होऊन डोळ्यांत खालूनही शिरतात. कडा झाकणारा गॉगल लहान मुलांनासुद्धा घ्या.

बुटांबाबत एक गैरसमज पक्का आहे: मोज्यांचे दोन जोड चढवले की पाय दुप्पट उबदार. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन जोड कोंबले की बोटं आवळली जातात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट गार पडतात. एकच जाड लोकरी जोड, आणि तो घालूनच बुटाचं माप घ्या. आत बोटं हलली पाहिजेत. रोहतांगच्या वाटेवर भाड्याने मिळणाऱ्या गमबुटांत पाण्याला बाहेरून मज्जाव असतो, पण घामालाही बाहेर पडायला वाट नसते. बर्फात तासभर खेळायला ठीक, दिवसभर नको.

आणि हे सगळं हाताशी हवं. बॅगा गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली बांधलेल्या असतात. चांग लाच्या माथ्यावर पोचल्यावर जॅकेट आठवलं तर वाऱ्यात दोऱ्या सोडायला चालक तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. वरचे दोन थर, टोपी, हातमोजे एका छोट्या पिशवीत पायाशी ठेवा. गाडीत हीटर लागला की जॅकेट काढा, नाहीतर आत घामेजून बाहेर उतराल. रात्री झोपण्याआधी आतलं थर्मल बदलून कोरडं घाला. दिवसाचा घाम अंथरुणात नेऊ नका.

डोकं दुखणं, मळमळ, दम लागणं ही विरळ हवेची लक्षणं आहेत. थंडी वाजत असेल म्हणून पांघरुणं वाढवत बसू नका. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात सविस्तर. तोवर निदान बूट तरी घेऊन ठेवा आणि निघेपर्यंत रोज संध्याकाळी पायात घालून फिरा. कोरे बूट थेट लेहला नेलेत तर टाचेवरचा फोड तुम्हाला हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवेल.