क्रॅब अभ्रिकेचे क्ष-किरण आणि त्यांचे ध्रुवण

जालना जिल्हा सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मार्गशीर्षातील मध्यरात्रीच्या सुमारास वृषभ राशीतील क्रॅब अभ्रिका तेथील खमध्यापासून जेमतेम दोन अंशांवर येते. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी भर दिवसा पाहिलेल्या अतिदीप्त नवताऱ्याचा हा अवशेष होय. तो असा डोक्यावर असला तरी त्याचे क्ष-किरण वातावरणात शोषले जातात. त्यांच्या अभ्यासास अग्निबाण, बलून किंवा उपग्रह यांचाच आश्रय घ्यावा लागतो.

अशा अवशेषांतील क्ष-किरण मुख्यतः दोन प्रकारे उत्पन्न होतात. आघात-तरंगाने कोट्यवधी अंशांपर्यंत तापलेला वायू ते उत्सर्जित करतो व त्याच्या वर्णपटात सिलिकॉन, गंधक, लोह यांच्या रेषा उमटतात. टायको ब्राहे याने १५७२ मध्ये पाहिलेल्या नवताऱ्याचा अवशेष या वर्गातला. क्रॅबचे तसे नाही. १९६४ मध्ये चंद्राकडून तिचे पिधान होत असताना अमेरिकन शास्त्रज्ञांनी अग्निबाणातून क्ष-किरणांचे मापन केले. उगम बिंदुवत न्यूट्रॉन तारा असता, तर किरण एकदम लोपले असते. ते क्रमाक्रमाने क्षीण झाले. उगम विस्तृत आहे, असा निर्णय झाला. मौज अशी की, १९६८ मध्ये त्याच अभ्रिकेच्या पोटात सेकंदास सुमारे ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा आढळला. त्याच्यापासून ऊर्जा मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना सिंक्रोट्रॉन प्रारण देतात, आणि ते ध्रुवित असते.

क्ष-किरणांचे ध्रुवण मोजणे मात्र दुर्घट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताने सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, पुण्याच्या ‘आयुका’सह अन्य संस्थांच्या सहकार्याने, सिद्ध केलेले कॅडमियम झिंक टेल्युराइडचे संवेदक होते. त्यांच्या एका कोष्ठात विकिरण पावलेला क्ष-किरण शेजारच्या कोष्ठात शोषला गेला, तर त्याची दिशा कळते. आणि विकिरण ध्रुवणदिशेच्या काटकोनात अधिक होते. अशा असंख्य जोड-घटनांच्या मोजणीतून ध्रुवण काढता येते.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अनपेक्षित गोष्ट होती. ताऱ्याच्या एका परिभ्रमणात दोन स्पंद येतात. ते ओसरल्यावर उरणारे प्रारण केवळ अभ्रिकेचे, म्हणून त्याचे ध्रुवण स्थिर असावे, असे गृहीत होते. प्रत्यक्षात त्याच कालांशात ते बदलताना दिसले. सेकंदाच्या शतांशाएवढ्या काळात प्रकाशवर्षे विस्ताराची अभ्रिका बदलू शकत नाही; तेव्हा स्पंद नसतानाही ताऱ्याचा किंवा त्याच्या निकटच्या प्रदेशाचा काही वाटा त्या प्रारणात असला पाहिजे. तो नेमका कोठून येतो, हे प्रचलित प्रतिकृतींना समाधानकारकपणे सांगता येत नाही.