घराच्या छपराचा मक्ता व मक्तेदाराची पारख

शेजाऱ्यानें आपला बांध वीतभर कोरला तर आपण लागलीच मोजणीचा अर्ज देतों. परंतु घरावर लाख दोन लाखांचें छप्पर चढवितांना आपल्याच हातांत साधा टेपही नसतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां अतिवृष्टीनें पडलेल्या घरांचे पुष्कळ पंचनामे मीं लिहिले, आणि पेन्शनींत निघाल्यावर स्वतःच्याच घरीं फसलों. तो अनुभव वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील जुनें घर म्हणजे माळवदाचें. तुळया, त्यांवर किलच, त्यावर पाला व वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यांत असें घर थंड राहतें यांत शंका नाहीं. परंतु गळती थांबविण्यासाठीं दरसाल नवी माती टाकीत गेल्यानें भार वाढत जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हां शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत चिखलांत रचलेल्या दगडी भिंती व वरचें हें मातीचें ओझें निजलेल्या माणसांवर कोसळून सुमारें आठ हजार लोक प्राणांस मुकले. तेव्हांपासून लोक पत्र्याकडे व स्लॅबकडे वळले, हें योग्यच झालें. मात्र ही भीति लबाड मक्तेदाराचें भांडवलही झाली आहे. ज्यास हल्लीं आपण ठेकेदार म्हणतों तो गृहस्थ दारांतूनच वर पाहतो आणि “हें माळवद यंदा बसणार” असें सांगून मोकळा होतो. तुळईचें टोक भिंतींत शिरतें तेथें टोचा मारून लाकूड पोकळ झालें आहे काय, भिंतीचें पोट फुगलें आहे काय, हें जो पाहत नाहीं त्याचें मत फुकटही घेऊं नये.

असा मनुष्य बहुधा फाल्गुन-चैत्रांत येतो. ज्वारीची सुगी उरकलेली असते, उसाचें बिल हातीं आलेलें असतें, आणि पाऊस तोंडावर आहे ही धास्ती सर्वांसच असते. माझ्याकडे आलेल्यानें इतरांहून बराच कमी दर सांगितला व मालासाठीं म्हणून तीन चतुर्थांश रक्कम आगाऊ नेली. काम लौकर झालें. मृगांत दोन सरी पडल्या, एक थेंब गळला नाहीं, म्हणून मीं आनंदानें उरलेली रक्कमही देऊन टाकिली. पुढें उत्तरा नक्षत्राची झड लागली, आणि एका रात्रींत ज्वारीचीं अकरा पोतीं भिजून त्यांस बुरशी आली. त्याचा फोन लागेना, गांवाचा पत्ता खोटा निघाला, आणि ज्यानें जन्मभर लोकांकडून पावतीवर सही घेतली त्या माझ्यापाशीं एकही पावती नव्हती!

वर चढून पाहिलें तों खोड दोन ठिकाणीं होती. पत्रा पातळ होता, आणि आकडे पन्हळीच्या उंचवट्यावर बसविण्याऐवजीं खोलगट भागांत, म्हणजे नेमके पाणी वाहतें तेथें, ठोकले होते. नालीदार पत्र्यास भोंक नेहमीं उंचवट्यावर पाडावें व खालीं रबरी वायसर असावें. दोन पत्र्यांचा खालवर जोड सहा इंचांहून कमी नसावा. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा; म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावीत यावें, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्यासमोर येत नाहीं. आणि पत्रा वळवाच्या वाऱ्यांत उडूं नये म्हणून त्यावर धोंडे ठेवणें हा उपाय नव्हे. तेच धोंडे अंगावर येतात. खालचे लोखंडी पाइप भिंतींत पक्के बांधले गेले पाहिजेत.

पत्र्याची जाडी डोळ्यांनीं कळत नाहीं, वजनानें कळते. लोखंडाचा एक चौरस मीटर पत्रा एक मिलीमीटर जाड असला तर 7.85 किलो भरतो. यावरून हिशेब सोपा आहे. पत्र्याच्या रुंदीवर चढउतारासकट दोरा चिकटवून खरी रुंदी मोजावी. ती चार फूट व लांबी दहा फूट आली, आणि जाडी अर्धा मिलीमीटर सांगितली असेल, तर पत्रा सुमारें साडेचौदा किलो भरला पाहिजे. तोच 0.40 चा असेल तर पावणेबारा किलोंच्या आसपास भरेल. रंग व मुलामा यांमुळें थोडा फरक पडतो, पण तीन किलोंचा पडत नाहीं. घरोघरीं धान्याचा काटा असतो. गाडी उतरतांच दोन पत्रे त्यावर ठेवावे. जस्ताचा मुलामा किती तेंही बिलावर लिहून घ्यावें. चौरस मीटरास 120 ग्रॅम मुलाम्याचा व 275 ग्रॅमचा, असे दोन्ही पत्रे दुकानांत सारखेच चकाकतात.

स्लॅबमधील लबाडी याहून वाईट, कारण ती कायमची झांकली जाते. येथेंही काटाच साक्षीदार. आठ मिलीमीटरची बारा मीटर लांब सळई पावणेपांच किलोंच्या जवळपास व दहा मिलीमीटरची सात किलो चारशे ग्रॅमच्या जवळपास भरावी. सळया बांधून झाल्या कीं माल ओतण्यापूर्वीं त्यांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यांत स्लॅबवर किमान दहा दिवस पाणी सतत राहिलें पाहिजे. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवसांच्या आंत व त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांच्या आंत काढूं देऊं नयेत. मक्तेदार घाई करतो ती त्याच्या प्लेटा पुढच्या कामावर हव्या असतात म्हणून. त्याची अडचण खरी असली तरी ती आपल्या डोक्यावर घेण्याचें कारण नाहीं.

मग मनुष्य निवडावा कसा? त्यानें दाखविलेलीं नवीं कामें पाहूं नयेत. तीन पावसाळे झालेलीं दोन घरें विचारावीं व तेथें त्याच्यावांचून एकटें जावें. घरधन्यापेक्षां घरधनिणीस विचारावें, कारण गळतीखालीं भांडें कोण मांडतें तें तिलाच ठाऊक. त्याच्या कामगारांची मजुरी वेळेवर मिळते काय, याचीही चौकशी करावी. करार लेखी असावा व त्यांत पत्र्याची जाडी, सळईचें माप, सिमेंट, मुदत व हप्ते हीं सर्व यावीं. शक्य तर माल आपण स्वतः दुकानांतून पक्क्या बिलावर आणावा व मजुरीचाच मक्ता द्यावा. मग आगाऊ रकमेचा प्रश्न फारसा उरत नाहीं. हप्ता काम पाहून द्यावा, तारीख पाहून नव्हे. आणि मुख्य अट ही कीं, एक दशांश रक्कम हस्त नक्षत्र संपेपर्यंत आपल्याजवळ राहील. सोलापुरास सर्वांत अधिक पाऊस सप्टेंबरांत पडतो. मृगाच्या सरींवर छप्पर पास करणें ही माझीच चूक झाली. जो प्रामाणिक आहे तो ही अट थोडी कुरकूर करून मान्य करतो. जो ऐकतांच उठून जातो, त्यास जाऊं द्यावें.

इतकें करूनही फसवणूक झालीच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं घरबांधणी ही सेवा धरलेली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी लागते. पांच लाखांपर्यंतच्या कामास फी नाहीं. मात्र तेथेंही पहिला प्रश्न पावतीचाच येतो.

दुसऱ्या वेळीं मीं जवळच्याच गांवचा एक वयस्कर मिस्त्री बोलाविला. दर त्याचा अधिक होता. दिवाळीपूर्वीं तो राखून ठेवलेले पैसे मागावयास आला तेव्हां मीं पाकीट पुढें केलें. त्यानें तें कट्ट्यावर ठेवलें, शिडी मागितली, आणि वर जाऊन दोन वायसर बदलून आल्यावरच उचललें.