पाय काढला तरी आरपीएम उतरत का नाही?

मॅन्युअल गिअरची नवी पेट्रोल गाडी चालवत असाल तर हे तुम्ही अनुभवलं असेल. क्लच दाबला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी टॅकोमीटरचा काटा वरच रेंगाळतो आणि मग सावकाश उतरतो. याला 'रेव्ह हँग' म्हणतात. कुणी सांगतं फ्लायव्हील जड आहे, कुणी म्हणतं थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. दोन्ही शक्य आहे. पण तुमच्या गाडीत नेमकं काय घडतंय, हे ठरवायचं कसं?

आधी कागदावर अंदाज करा. समजा, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट मिळून मोमेंट ऑफ इनर्शिया ०.१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग आहे, आणि घर्षण व हवा ओढण्याचा विरोध मिळून ३० न्यूटन-मीटर टॉर्क इंजिनाला थांबवतोय. भागाकार केला की दर सेकंदाला २०० रेडियन प्रतिसेकंद एवढी घट मिळते. ३००० वरून १००० आरपीएम म्हणजे साधारण २०९ रेडियन प्रतिसेकंदाचा फरक, म्हणजे जेमतेम एक सेकंद. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, तुमच्या इंजिनाचे वेगळे असतील. पण काटा उतरायला तीन सेकंद लागत असतील, तर एकट्या फ्लायव्हीलवर खापर फोडता येणार नाही. इंजिन कुठून तरी अजून टॉर्क तयार करतंय.

तो बहुतेक वेळा मुद्दाम केलेला असतो. आता पेडल आणि थ्रॉटलच्या मध्ये केबल नसते. पेडल फक्त सिग्नल देतं, झडप इसीयू हलवतो. ती झटकन मिटली तर मॅनिफोल्डमधला दाब एकदम पडतो. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात भिंतींना चिकटलेला पेट्रोलचा पातळ थर मग भराभर वाफ होऊन सिलिंडरमध्ये जातो. हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि न जळलेले हायड्रोकार्बन एक्झॉस्टमध्ये! बरं, मग इंधनच तोडलं तर? तर नुसती हवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते, तो ऑक्सिजनने भरतो आणि इंधन परत सुरू झाल्यावर काही क्षण नायट्रोजन ऑक्साइड नीट मोडू शकत नाही. हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच त्याचं काम नीट चालतं. म्हणून इसीयू झडप हळूहळू मिटवतो. कल्पना नवी नाही; जुन्या कार्ब्युरेटरवर हेच काम डॅशपॉट करायचा.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि पेट्रोल कारसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ८० वरून ६० मिलिग्रॅमवर आली. म्हणून 'बीएस-६ मुळे रेव्ह हँग वाढला' असं लगेच लिहून मोकळे होऊ नका. नव्या मॉडेलमध्ये इंजिन, फ्लायव्हील, सॉफ्टवेअर सगळंच बदललेलं असू शकतं. जुनी आणि नवी गाडी शेजारी ठेवून ही कारणं वेगळी होत नाहीत.

वेगळी होतात ती मोजल्यावर. ओबीडी पोर्टला अ‍ॅडॅप्टर लावा आणि पेडलची स्थिती, थ्रॉटलची स्थिती आणि आरपीएम एकत्र नोंदवा. पेडल सुटलंय पण थ्रॉटल अजून उघडं आहे? इसीयूचं काम, किंवा झडप अडकतेय. इंजिन बंद ठेवून, नुसतं इग्निशन चालू करून पेडल दाबून सोडा, तरीही झडप अडखळत असेल तर दोष यांत्रिक. थ्रॉटल मिटलंय आणि उतार तुमच्या हिशेबाच्या जवळपास? फ्लायव्हील. मिटलंय, तरी उतार फारच मंद आणि आयडलही वाढलेलं? मग मॅनिफोल्डमध्ये कुठून तरी हवा शिरतेय का ते तपासा.

थ्रॉटल मिटलेलं असतानाही वाचन शून्य येत नाही, त्यामुळे आयडलचा आकडा आधी लिहून ठेवा. स्वस्त अ‍ॅडॅप्टर सेकंदाला मोजकीच वाचनं देतो आणि तुमची घटनाच सेकंदाभराची आहे, म्हणून हे तीन सोडून चौथं काही मागू नका. इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद ठेवून मोजा. उभी गाडी आणि चालती गाडी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण गाडी चालू असताना काही इसीयू आयडल मुद्दाम वर ठेवतात. चालत्या गाडीतलं मोजमाप रिकाम्या रस्त्यावर करा, आणि लॅपटॉप शेजारी बसलेल्याच्या मांडीवर द्या.