आवारातील वाहनमार्ग : कडबंदी, काँक्रीट आणि पाण्याचा निचरा
(नवी मुंबईच्या विशेष संदर्भात)

सारांश

नवी मुंबईतील घरे, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि शैक्षणिक संस्था यांच्या आवारातील वाहनमार्ग थोड्याच वर्षांत खचलेले, तडकलेले किंवा पाण्याखाली गेलेले दिसतात. याचा दोष बहुधा वाहनांच्या भाराला दिला जातो. परंतु हलक्या वाहनांच्या मार्गाचा खरा शत्रू पाणी हाच आहे. कडबंदी, काँक्रीट आणि निचरा ही तीन स्वतंत्र कामे नसून एकाच रचनेची तीन अंगे आहेत. तिची आखणी पाणी जेथे आवाराबाहेर पडते त्या बिंदूपासून आरंभ करून घराच्या उंबऱ्यापर्यंत मागे आणावी लागते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : वाहनमार्ग, कडबंदी, ढाळ, निर्गममुख, धारण तलाव, पेव्हर ब्लॉक.

१. प्रस्तावना

फाटकापासून घरापर्यंतचा दहा-बारा मीटरचा रस्ता हा स्थापत्यशास्त्रातील क्षुल्लक विषय वाटतो. त्याचा नकाशा क्वचितच काढला जातो. ठेकेदार आणि गवंडी यांच्या अंदाजावर काम उरकले जाते. वास्तविक पाहता, या छोट्या पट्ट्याची पातळी काही बोटांनी चुकली तरी पावसाचे पाणी स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या घरात शिरते. महाविद्यालयांच्या बांधकाम समित्यांवर आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणीवर अनेक प्राध्यापक काम करतात व अशा कामांच्या निविदांवर स्वाक्षऱ्या करतात. त्या दृष्टीने या विषयाची तत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

२. नवी मुंबईची भूमी आणि पाणी

चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आणि १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोच्या नियोजनातून हे शहर आकारास आले. त्याच्या पूर्वेस पारसिकची डोंगररांग आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी आहे. डोंगराकडील भागात मुरूम व काळा पाषाण, तर खाडीलगत सागरी चिकणमाती आणि तिच्यावर टाकलेला भराव, अशी दोन भिन्न स्वरूपाची जमीन येथे आढळते.

खाडीलगतचा बराचसा भाग मोठ्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. कोकणातील शेतकरी खारजमिनीला बांध घालून त्यात उघाडी ठेवत असे. ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ नये, हा तिचा हेतू. नियोजनकारांनी हेच तत्त्व डच पद्धतीच्या धर्तीवर मोठ्या प्रमाणात वापरले. पावसाळी गटारांचे पाणी धारण तलावांत येते, भरती असेपर्यंत तेथे थांबते आणि ओहोटी लागली की झडपांतून खाडीत जाते. काही धारण तलावांत पुढे गाळ साचला व कांदळवन वाढले. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्याने हा गाळ काढणे हे सहज उरकण्याचे काम राहिलेले नाही.

यावरून वाहनमार्गाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर रस्त्याकडेचे गटार तुडुंब असते आणि आवारातील पाणी तात्काळ बाहेर जाऊ शकत नाही. म्हणून केवळ गटाराच्या दिशेने ढाळ देणे येथे पुरेसे ठरत नाही.

३. पाण्याचे गणित

फाटकापासून घरापर्यंत ३ मीटर रुंद व १२ मीटर लांब, म्हणजे ३६ चौरस मीटरचा मार्ग गृहीत धरू. ताशी १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास त्यावर तासाला ३,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला १ लिटर पाणी पडते. ७२ चौरस मीटर छताचे पाणीही याच मार्गावर सोडले असेल, तर हा प्रवाह सेकंदाला ३ लिटर होतो. एवढे पाणी योग्य उताराने टाकलेल्या १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सहज जाऊ शकते. सामान्य दिवशी प्रश्न उद्भवत नाही तो यामुळेच.

आता बाहेरचे गटार भरलेले आहे आणि आवाराला चहूबाजूंनी भिंत आहे, अशी कल्पना करू. मिनिटाला सुमारे १८० लिटर पाणी जमू लागते. संपूर्ण मार्गावर ५० मिलिमीटर पाणी चढण्यास १,८०० लिटर पुरतात. अर्थात त्याला अवघी १० मिनिटे लागतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. तेवढा पाऊस या ३६ चौरस मीटरवर पडला, तर सुमारे ३४,००० लिटर पाणी होते. अशा दिवसासाठी नळीचा व्यास वाढवून भागत नाही. पाण्याने कोठे जावे हे आधी ठरवून ठेवावे लागते.

४. आखणीचा आरंभ निर्गममुखापासून

पाणी आवाराबाहेर पडण्याचा बिंदू म्हणजे निर्गममुख. प्रथम बाहेरील गटाराच्या तळाची व काठाची पातळी पाणसळीने किंवा पारदर्शक नळीतील पाण्याच्या साहाय्याने मोजून भिंतीवर खूण करावी. त्यानंतर तेथून घराकडे चढत यावे. आडवा ढाळ साधारण ६० ला १ ठेवल्यास ३ मीटर रुंदीत ५० मिलिमीटरचा फरक पडतो. चालताना तो जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. घराच्या दिशेने ढाळ कधीही नसावा. जागेअभावी तो द्यावाच लागला, तर भिंतीपूर्वी जाळीचे आडवे गटार अनिवार्य समजावे.

पाण्यासाठी दोन वाटा ठरवाव्यात. पहिली नित्याची, गटारातून जाणारी. दुसरी आपत्काळची : गटार भरल्यावर पाणी पृष्ठभागावरून फाटकाबाहेर रस्त्याकडे वाहून जाईल अशी. मार्गाचा कोणताही भाग घराच्या उंबऱ्याहून उंच नसावा आणि फाटकाजवळची कड ही आवारातील सर्वांत खालची कड असावी. रस्ताच आवारापेक्षा उंच झाला असेल, तर ही दुसरी वाट बंद होते. अशा ठिकाणी उपशासाठी पंपाचा खड्डा आधीच योजावा.

बेलापूर येथे सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात उभारलेली वसाहत, म्हणजेच ‘आर्टिस्ट व्हिलेज’, या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. लहान अंगणांभोवती घरांचे गट, त्या गटांचे मोठे चौक आणि मध्यभागी पावसाचे पाणी वाहून नेणारा ओहोळ, अशी तिची रचना आहे. तेथे पाण्याची वाट घरांच्या आखणीचा कणा बनली. पुढे आवारे फरसबंद होऊ लागली की मातीत मुरणारे पाणीही त्याच वाटेवर येते, हा धडाही अशा वसाहतींतून घ्यावा लागतो.

५. पाया

मऊ माती काढून टाकून मुरमाचा भराव सुमारे १५० मिलिमीटरच्या थरांत पसरावा आणि प्रत्येक थर पाणी मारून यांत्रिक दुरमुसाने ठोकावा. एकदम अर्धा मीटर भराव टाकून वरून ठोकल्यास तळाचा भाग सैल राहतो व पहिल्या पावसात बसतो. त्यावर दगडी सोलिंग, पोकळ्या भरण्यासाठी बारीक खडी, आणि पृष्ठभागाला द्यावयाचा ढाळ या थरातही असावा. केवळ वरच्या थराची जाडी कमीजास्त करून ढाळ साधल्यास पातळ जागी तडा जातो.

खाडीलगतच्या चिकणमातीवरील भराव अनेक वर्षे थोडाथोडा बसत राहतो. अशा जमिनीवर सलग काँक्रीटपेक्षा पेव्हर ब्लॉक अधिक सोयीचे ठरतात. कारण खचलेला भाग उचलून, पाया सुधारून तेच ब्लॉक पुन्हा बसवता येतात. डोंगराकडील घट्ट मुरमावर काँक्रीट उत्तम टिकते. मात्र तेथे उतारावरून येणारे पाणी वरच्या बाजूसच अडवून वळवणारे गटार हवे.

६. कडबंदी

कडबंदीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहिले जाते, ही मोठी चूक होय. पेव्हर ब्लॉकचा पृष्ठभाग परस्परांच्या दाबावर उभा असतो. चाकाचा रेटा आडवा पसरत कडेपर्यंत जातो आणि तेथे भक्कम आधार नसल्यास शेवटची ओळ सरकते, सांधे उघडतात, पाणी आत जाऊन खालची वाळू वाहून नेते. सबंध मार्ग खचण्याचा आरंभ बहुतेक वेळा अशा एका सरकलेल्या ओळीतून होतो.

कर्बचा दगड केवळ मातीत पुरून किंवा सिमेंटच्या गिलाव्यावर चिकटवून भागत नाही. त्याखाली सुमारे १०० मिलिमीटर काँक्रीटची बैठक आणि मागील बाजूस त्याच्या निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत काँक्रीटचा टेका द्यावा. कडबंदी आधी व ब्लॉक नंतर, हा क्रम पाळावा. ब्लॉकखालील वाळूचा थर २५ ते ४० मिलिमीटर एवढाच असावा. पायातील खड्डे वाळूने भरणे म्हणजे भावी खड्ड्यांची तरतूद होय.

ढाळाच्या खालच्या बाजूची कडबंदी मात्र बांधासारखी वागू शकते. उंच व सलग कर्ब पृष्ठभागावरील पाणी अडवतो, तर त्याची काँक्रीटची बैठक वाळूत झिरपलेले पाणी कोंडते. म्हणून या बाजूस कर्ब पृष्ठभागाच्या समपातळीत ठेवावा आणि बैठकीत ठरावीक अंतरावर निचऱ्याची छिद्रे ठेवून त्यांच्या तोंडाशी वाळू अडवणारे कापड लावावे. झाडाच्या बुंध्याभोवती किमान १ मीटर जागा मोकळी सोडावी. दिल्लीतील झाडांसंबंधी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये हेच अंतर काँक्रीटमुक्त करण्याचे निर्देश दिले होते.

७. काँक्रीट

हलक्या वाहनांसाठी १२५ ते १५० मिलिमीटर जाडी पुरेशी असते. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार किनारी परिसर ‘तीव्र’ वर्गात मोडतो. त्या वर्गात साध्या काँक्रीटसाठी किमान एम २० आणि पोलाद असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम ३० श्रेणी सांगितली आहे. चाकांची झीज विचारात घेता साध्या मार्गासही एम २५ वा एम ३० वापरणे हितावह होय. पोलादी जाळी वापरल्यास ती वरच्या भागात, सुमारे ४५ मिलिमीटर आवरण राखून, आधारांवर ठेवावी. जाळी जमिनीवर अंथरून वर काँक्रीट ओतण्याची प्रथा निरर्थक आहे. न धुतलेली खाडीची वाळू तर पोलादाजवळ येऊच देऊ नये; तिच्यातील क्षारांमुळे गंज चढतो.

पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरल्यास ५० किलोच्या गोणीस, वाळूतील ओल धरून, २२.५ लिटर पाणी लागते. ‘माल पसरत नाही’ म्हणून गाडीत नळीने पाणी सोडण्याने काम सोपे होते, परंतु पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि आकुंचनाचे तडे वाढतात.

काँक्रीट आकुंचन पावणारच. तडा कोठे जावा एवढेच आपल्या हाती असते. सुमारे ३ मीटरचे चौरस करून, काँक्रीट कापण्याइतके घट्ट होताच, साधारणतः त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, जाडीच्या पाव ते एकतृतीयांश खोलीचे सांधे कापावेत. घराची भिंत व खांब यांच्यापासून मार्ग लवचीक पट्टीने अलग ठेवावा. त्यानंतर आळी करून पाणी साठवावे किंवा ओले गोणपाट झाकावे. मानकानुसार हा काळ साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस असून तो १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. यास्तव दिवाळीनंतरचे महिने या कामास सोयीचे. मे अखेरीस घाईने उरकलेल्या कामात यातील बहुतेक पायऱ्या गाळल्या जातात.

८. गटार, मलवाहिनी आणि शेजार

आडवे गटार किमान १५० मिलिमीटर रुंद, तळाला स्वतंत्र उतार असलेले आणि वरून उचलता येणाऱ्या जाळीचे असावे. काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली जाळी साफ करता येत नाही. बाहेर पडण्यापूर्वी गाळ बसण्यासाठी एक चेंबर ठेवावे. डोंगराकडील भागात शोषखड्डा उपयुक्त ठरतो. खाडीलगत भूजल पावसाळ्यात पृष्ठभागाजवळ असल्याने त्यावर विसंबणे योग्य नाही.

नवी मुंबईत पावसाळी गटारे आणि मलवाहिन्या स्वतंत्र आहेत. पाणी तुंबले की जवळच्या मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण उघडून ते आत सोडण्याची सवय घातक आहे. तेच पाणी मैल्यासह तळमजल्यावरील शौचालयांतून वर येते.

दुसरी सवय म्हणजे थरावर थर चढवणे. उंबरा मार्गापेक्षा १५० मिलिमीटर उंच असेल आणि दर दुरुस्तीत जुना थर न उखडता ५० मिलिमीटरचा नवा थर टाकला, तर तिसऱ्या दुरुस्तीत मार्ग आणि उंबरा समपातळीत येतात. जो आपला मार्ग उंच करतो त्याचे पाणी सखल आवारात जाते. मग तो शेजारीही भर घालतो. या चढाओढीत शेवटी तळमजल्यावरचा, बहुधा दुरुस्तीचा खर्च न झेपणारा रहिवासी हरतो.

९. निष्कर्ष

१) वाहनमार्गाची आखणी निर्गममुखापासून सुरू करावी आणि पाण्याला नित्याची व आपत्काळची अशा दोन वाटा द्याव्यात.
२) जमिनीच्या स्वरूपानुसार काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक यांची निवड करावी, ढाळ पायापासूनच द्यावा.
३) कडबंदी हा रचनेचा आधार आहे, मात्र ढाळाच्या खालच्या बाजूस तिने पाणी अडवता कामा नये.
४) नवा थर टाकण्यापूर्वी जुना उखडण्याची आणि पूर्ण झालेल्या पृष्ठभागाची पातळी उंबऱ्याशी बांधून घेण्याची अट निविदेत घालावी.

यांतील शेवटच्या अटीसाठी कोणतेही यंत्र वा खर्चिक साहित्य लागत नाही. काम सुरू होण्यापूर्वी भिंतीवर रंगाने ओढलेली एक रेघ, आणि ‘याच्या वर काहीही चढणार नाही’ असा निविदेतील एक ओळीचा उल्लेख, एवढे केले तरी अनेक तळमजले कोरडे राहतील.