इल्युमॉस
इल्युमॉस : ओपनसोलॅरिस या संगणकीय प्रकल्पाचे पुनरुज्जीवन करण्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये गॅरेट डामोर व सहकाऱ्यांनी जाहीर केलेला प्रकल्प. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने २००५ मध्ये सोलॅरिस या कार्यप्रणालीची बरीचशी मूळ संहिता सीडीडीएल परवान्याखाली खुली केली. मात्र काही भागांचे हक्क त्रयस्थांकडे असल्याने ते केवळ यंत्रसंकेतात, म्हणजे वापरता येतील पण सुधारता येणार नाहीत अशा रूपात दिले जात. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी विकत घेतली व ऑगस्टमध्ये नवी संहिता प्रसिद्ध करणे थांबविले. एकदा दिलेला परवाना त्यामुळे रद्द होत नव्हता; खरी अडचण बंद भागांची होती. त्यांतील सर्वांत निकडीचा भाग सी भाषेच्या ग्रंथालयातील, विविध भाषा व लिपी हाताळणारा होता. त्यावाचून जवळजवळ कोणतीही आज्ञावली चालत नसे. तो उलगडून नक्कल करण्याऐवजी फ्रीबीएसडी या प्रणालीतील खुल्या संहितेच्या आधारे नव्याने रचण्यात आला. फ्रीबीएसडीचा परवाना उदार असून मूळ हक्कसूचना कायम ठेवणे एवढीच त्याची मुख्य अट आहे. सीडीडीएल प्रत्येक फाइलपुरता लागू होत असल्याने दोन्ही परवान्यांच्या फाइली एकत्र नांदू शकतात. या संहितेवर आधारलेल्या वितरणांपैकी ओपनइंडियाना हे सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर झाले.